उन्मादाची ओळख : मुक्तक की प्रबंध?

मराठी समीक्षेत ‘उन्माद’ हा शब्द बराच सैलपणे वावरत आला आहे. कवीच्या निर्मितिक्षणाला उन्माद म्हटले जाते, जमावाच्या हिंसेला उन्माद म्हटले जाते, निवडणूक जिंकणाऱ्यांच्या जल्लोषाला विजयोन्माद म्हटले जाते. आणि ज्या माणसाला आठ दिवस जेमतेम दोन तास झोप आहे, तरीही थकवा नाही, ज्याचे बोलणे थांबत नाही आणि ज्याने घर गहाण टाकून कारखाना काढण्याचे ठरविले आहे, त्याच्या अवस्थेलाही वैद्यकीय मराठीत उन्मादच म्हणतात. पहिल्या तीन वापरांत शब्दाला झळाळी तरी चिकटलेली आहे किंवा निंदा तरी. चौथ्या वापरात तो एका आजाराच्या एका टप्प्याचे नाव आहे. हा आजार आज द्विध्रुवीय विकार म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला अवसाद असतो. साहित्यविचाराने पहिल्या अर्थाची झळाळी चौथ्या अर्थावर चढविली, हा नुसता शब्दांचा घोटाळा म्हणून सोडून देता येत नाही. प्रतिभेचे लक्षण समजून ज्याकडे कौतुकाने पाहिले गेले ते आजाराचे लक्षण असेल, तर त्या कौतुकाची किंमत कवीला आणि त्याच्या घरच्यांना मोजावी लागते. म्हणून उन्मादाची चिन्हे कशी वाचली गेली, कोणी वाचली आणि वाचताना काय सुटले, याचा इतिहास हा वाचनव्यवहाराच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो.

आजच्या वैद्यकाने मानलेली चिन्हे मोजकी आहेत. मनःस्थिती असाधारण उंचावलेली किंवा असाधारण चिडखोर. तिच्या जोडीला शक्ती आणि हालचाल यांत वाढ. आणि हे सारे किमान एक आठवडा, दिवसाचा बहुतेक वेळ. त्याखेरीज स्वतःच्या थोरवीची फुगलेली जाणीव, झोपेची गरजच कमी होणे, बोलण्याचा न आवरणारा रेटा, विचारांची धाव, क्षुल्लक गोष्टींनी लक्ष उडणे, कामांचा सपाटा किंवा निरर्थक येरझारा, आणि पैसा, शरीरसंबंध, व्यापार यांत परिणामांची पर्वा न करता घेतलेल्या उड्या, यांपैकी किमान तीन. मनःस्थिती केवळ चिडखोर असेल तर चार. रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली तर आठवड्याची अट उरत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘द्विध्रुवीय विकार’ हे नाव स्वीकारले, आणि शक्ती व हालचाल यांतील वाढ मनःस्थितीच्या बरोबरीने अनिवार्य मानली ती २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत. यांतील झोपेचे चिन्ह विशेष लक्ष देण्याजोगे आहे. झोप न लागणे निराळे आणि झोपेची गरज न वाटणे निराळे. निद्रानाशाने त्रस्त माणूस सकाळी गळून गेलेला असतो. उन्मादाकडे निघालेला माणूस दोन-तीन तासांत ताजातवाना उठतो आणि इतरांच्या झोपेविषयी त्याला नवल वाटू लागते.

परंतु या यादीतील एकही चिन्ह एकट्याने काही सांगत नाही. भरभर बोलणारी माणसे असतात, कमी झोपणारी असतात, उधळीही असतात. यादीला अर्थ येतो तो तिच्यातच दडलेल्या एका अटीमुळे : हा बदल त्या व्यक्तीच्या नेहमीच्या वागण्याहून स्पष्टपणे वेगळा असला पाहिजे. म्हणजे चिन्ह वाचण्यापूर्वी त्या व्यक्तीचा आधीचा काळ वाचलेला असावा लागतो. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर उन्माद हा मुक्तकासारखा, म्हणजे मागचा-पुढचा संदर्भ सोडून एकेका श्लोकासारखा, वाचता येत नाही. तो प्रबंधातच वाचावा लागतो. ही साधी दिसणारी गोष्ट वैद्यकाला उमगण्यास एकोणिसावे शतक अर्धे उलटावे लागले. साहित्यसमीक्षेला ती पुरती उमगली आहे असे अजूनही म्हणवत नाही.

उन्माद आणि विषाद यांचा संबंध प्राचीनांना ठाऊक नव्हता असे मात्र नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य कॅपाडोशियाचा आरेटियस याने दोन्ही अवस्था एकाच माणसात पाठोपाठ येतात हे नोंदविले होते. परंतु त्याच्या हातचा ‘मॅनिया’ आणि आजचा उन्माद एकच आहेत असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. फिलिप पिनेलने १८०१ मध्ये आपला ग्रंथ सिद्ध केला तेव्हाही ‘मॅनिया’ म्हणजे जवळजवळ सगळेच क्षुब्ध वेड असा व्यापक अर्थ होता. जुन्या ग्रंथात तो शब्द दिसला की तेथे द्विध्रुवीय विकार सापडल्याचा आनंद मानणारे लेखन आजही होते; ‘प्रकृती’ हा शब्द सांख्यांत आणि आरोग्याच्या चौकशीत एकाच अर्थाने येतो असे मानण्यासारखेच ते आहे.

खरे वळण आले ते पॅरिसमध्ये, १८५४ साली. जानेवारीच्या अखेरीस जूल बायार्जे याने वैद्यक अकादमीपुढे ‘दुहेरी रूपाचे वेड’ मांडले. पुढच्याच महिन्यात जां-पिएर फाल्रे याने ‘वर्तुळाकार वेड’ आपण आधीच शिकवीत आहोत असा दावा केला. दोघेही सालपेत्रिएर या स्त्रियांच्या विशाल रुग्णालयाशी संबंधित होते. अग्रक्रमाचा हा तंटा कडवट झाला आणि वैद्यकाच्या इतिहासकारांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली. साहित्याच्या अभ्यासकाला त्यात पाहण्यासारखे वेगळेच आहे. बायार्जेसाठी एक झटका म्हणजे उन्माद आणि विषाद यांचे सलग जोडपे होते. दोन झटक्यांमधील अंतराला त्याच्या व्याख्येत मोल नव्हते. फाल्रेने ते अंतरच व्याख्येत ओढून घेतले. उन्माद, विषाद आणि मधला शांत, शहाण्यासारखा काळ, हे तिन्ही मिळून त्याचे वर्तुळ पूर्ण होत असे. ज्या काळात चिन्हच नाही तो काळही चिन्हव्यवस्थेचा भाग आहे, असा याचा अर्थ होतो. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. कथनात गाळलेला काळही अर्थ घडवतो. सहकाऱ्यांविरुद्ध फाल्रेची मूळ तक्रारही अशीच होती. ते रुग्णाच्या एका दिवसाच्या वर्तनाचे चित्र काढतात, रोगाची वाटचाल पाहत नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. चित्राकडून कथेकडे जा, असाच तो आग्रह होता.

मिशेल फूकोने १९६३ च्या आपल्या ग्रंथात चिकित्सालयाच्या जन्माचा विचार करताना लक्षण आणि चिन्ह यांच्यातील जुन्या वैद्यकीय भेदाकडे लक्ष वेधले आहे. लक्षण म्हणजे रोगाचे दिसणारे रूप. चिन्ह मात्र काय झाले, काय चालले आहे आणि काय होणार आहे यांकडे बोट दाखविते. फूकोचे नाव आपल्याकडे बहुतेक वेळा वेड आणि सत्ता यांच्या संदर्भातच घेतले जाते आणि हा काळाचा धागा हातातून निसटतो. उन्मादाच्या बाबतीत तोच महत्त्वाचा आहे.

फाल्रेची दृष्टी मोठ्या प्रमाणावर राबविली ती एमिल क्रेपेलिनने. १८८६ ते १८९१ या काळात तो डॉर्पाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टू येथे, प्राध्यापक होता. तेथील पुष्कळ रुग्णांची भाषा त्याला येत नव्हती. संवाद दुभाष्यामार्फत चाले. रुग्ण काय बोलतो यापेक्षा त्याचे पुढे काय होते याकडे झुकलेल्या क्रेपेलिनच्या विचाराची पाळेमुळे या भाषिक परकेपणात आहेत काय, असा मोह पाडणारा प्रश्न उभा राहतो. त्याचे ठाम उत्तर देणे मात्र अवघड. पुढे हायडेलबर्ग येथे त्याने प्रत्येक रुग्णासाठी गणनापत्रे ठेवली. दाखल होतानाचे चित्र, निदान, नंतरचा प्रवास आणि रुग्णालयाबाहेर गेल्यावरचे आयुष्य यांची त्यांत नोंद होई. पत्रे पुन्हा पुन्हा मांडून, जुळवून, त्याने १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत ‘उन्माद-अवसादी वेड’ हा एकच विशाल वर्ग उभारला. नियतकालिक रूपे, वर्तुळाकार रूपे आणि साधा उन्माद हे सारे त्यात आले. त्याच्या समोर ठेवला गेला तो डिमेन्शिया प्रीकॉक्स, ज्याला पुढे स्किझोफ्रेनिया म्हटले गेले. पहिल्याची वाट परतीची होती, दुसऱ्याची बहुतांशी उताराची. निदान हे आता शेवटावरून ठरू लागले. कादंबरीचा पहिला अध्याय शेवटच्या अध्यायाच्या उजेडात पुन्हा वाचावा तसे हे वाचन होते, आणि त्यात एक अडचण उघड होती : रुग्णाला पाहणारा वैद्य पहिल्याच अध्यायात उभा असतो.

क्रेपेलिन आणि त्याचा सहकारी विल्हेल्म वाइगांट यांनी मांडलेल्या मिश्र अवस्थांनी हा प्रश्न आणखी सूक्ष्म केला. मनोभाव, विचार आणि कृतिप्रेरणा हे तीन प्रवाह नेहमी एकदम चढतात किंवा उतरतात असे नाही. विचार धावत आहेत पण मन खचलेले आहे, किंवा मन उल्हसित आहे पण शरीर गोठलेले आहे, अशा अवस्था संभवतात. उन्माद म्हणजे आनंद, हे समीकरण येथेच मोडते. भयाने थरथरणारा, ओरडणारा माणूसही उन्मादात असू शकतो.

भाषेच्या पातळीवर या परंपरेने शोधलेले सर्वांत प्रसिद्ध चिन्ह म्हणजे कल्पनांची धाव. क्रेपेलिनचा शिष्य गुस्ताफ आशाफेनबुर्ग याने शब्दसाहचर्याचे प्रयोग करून दाखविले की या अवस्थेत बोलण्याला दिशा देणारी उद्दिष्ट-कल्पना ढिली पडते आणि शब्द शब्दाला अर्थाने न ओढता नादाने ओढू लागतो. यमक, अनुप्रास, ठरीव जोडशब्द यांच्या पायऱ्यांवरून बोलणे उड्या घेत जाते. हे निरीक्षण मोलाचे होते. पण ते मुक्तकासारखे वाचले तर त्याचे काय होईल? केवळ यमक हेच चिन्ह मानले तर मोरोपंतांना सर्वांत आधी दाखल करावे लागेल. रोमान याकोबसनने १९६० मध्ये काव्याचे जे कार्य सांगितले, निवडीच्या अक्षावरील समानतेचे तत्त्व संयोगाच्या अक्षावर आणणे, तेही वरवर पाहता याच वर्णनाला जुळते. तेव्हा नादाने चालणारी भाषा हे उन्मादाचे चिन्ह नव्हे. कालपर्यंत अर्थाने चालणारी एखाद्याची भाषा आज नादाने ओढली जाऊ लागली आणि त्याला ती थांबविता येईना, हे चिन्ह आहे. कवी थांबू शकतो, खोडू शकतो, दुसऱ्या दिवशी ओळ बदलू शकतो. उन्मादाच्या ऐन भरात लिहिलेल्या पानांचे ढीग आणि त्यांतून नंतर शांतपणे घडविलेली कविता यांत हाच फरक असतो, आणि ‘उन्मादातून निर्मिती’ या लाडक्या सूत्रात तो पुसला जातो.

कल्पनांच्या धावेवर १९३३ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा स्विस मनोविकारतज्ज्ञ लुडविग बिन्सवांगर याने तिच्याकडे दोष म्हणून न पाहता अस्तित्वाची एक रीत म्हणून पाहिले. या रीतीत जग हलके होते, अंतरे आखूड होतात, सर्व काही हाताशी आल्यासारखे वाटते, आणि माणूस चालत नाही, उड्या घेतो. हे वर्णन सुंदर आहे. परंतु हा ग्रंथ सिद्ध होण्याच्या दहाच वर्षे आधी, बिन्सवांगरच्याच रुग्णालयात, उन्मादाचे वाचन कसे हुकू शकते याचा एक विलक्षण प्रसंग घडला होता.

प्रसंगातील रुग्ण स्वतः चिन्हांचा विद्वान होता. हांबुर्गच्या धनाढ्य पेढीवाल्या घराण्यातील थोरला मुलगा आबी वारबुर्ग (१८६६–१९२९) कलेतिहासकार झाला. प्राचीन मूर्तींतील भावावेगाचे हावभाव शतकांनंतर प्रबोधनकाळच्या चित्रांत कसे परत येतात, हा त्याच्या आयुष्याचा प्रश्न. पहिले महायुद्ध जर्मनीने हरले त्या १९१८ च्या शरद ऋतूत तो कोसळला. आपल्या कुटुंबावर घोर संकट येत आहे अशी त्याची खात्री झाली, आणि त्यातून वाचविण्यासाठी कुटुंबालाच पिस्तुलाने संपविण्याची भाषा तो बोलू लागला. हांबुर्ग, मग येना येथे हान्स बेर्गरकडे, आणि एप्रिल १९२१ पासून स्वित्झर्लंडमधील क्रॉइट्सलिंगेन येथील बेलव्ह्यू या बिन्सवांगरच्या संस्थेत, असा त्याचा प्रवास झाला. निदान होते स्किझोफ्रेनिया. दिवसाचा बराच भाग तो ओरडे, आपल्या माणसांचा छळ होत आहे असे सांगे, अन्नात त्यांचेच मांस असल्याचा संशय घेई, पतंग-फुलपाखरांशी तासन् तास बोले. दुपारनंतर मात्र तो पाहुण्यांना चहाला बोलावी, फिरावयास जाई, कलेवर बोले. १९२१ च्या नोव्हेंबरात फ्रॉइडने बिन्सवांगरला पत्र पाठवून या विद्वानाचे काय होईल असे विचारले. उत्तर निराशेचे होते : क्षोभ हळूहळू ओसरेल, पण संशोधनाकडे परतणे शक्य दिसत नाही.

बिन्सवांगर हा निष्काळजी वैद्य नव्हता. रुग्णाशी संवाद राखणाऱ्या दुर्मीळ वैद्यांपैकी तो एक होता. तरीही त्याच्या भाकितात सकाळचा वारबुर्ग हा पाठ ठरला आणि दुपारचा वारबुर्ग तळटीप. १९२३ च्या प्रारंभी कुटुंबाच्या इच्छेने वृद्ध क्रेपेलिनला सल्ल्यासाठी बोलाविले गेले. त्याने निदान बदलले : ही उन्माद-अवसादी मिश्र अवस्था आहे आणि भवितव्य पूर्णपणे अनुकूल आहे. तेच ओरडणे, तीच भीती, तेच पतंग. वाचन मात्र वेगळे. ज्या कथेचा शेवट उतारावर होता ती आता परतीची कथा झाली.

त्याच वर्षी, २१ एप्रिल रोजी, वारबुर्गने बेलव्ह्यूमधील रुग्ण, वैद्य आणि पाहुणे यांच्यासमोर छायाचित्रांसह व्याख्यान दिले. विषय होता १८९५–९६ मधील अमेरिकाप्रवासात पाहिलेल्या प्वेब्लो लोकांच्या जगातील सर्पविधी. आपले मन पुन्हा काम करू शकते याचा पुरावा म्हणून त्याने ते स्वतःच मागून घेतले होते आणि तयारीत फ्रिट्झ झाक्सल या सहकाऱ्याने मदत केली होती. ऑगस्ट १९२४ मध्ये तो हांबुर्गला परतला. पुढील पाच वर्षांत त्याने ‘म्नेमोसिने’ हा चित्रकोश रचावयास घेतला. मृत्यूसमयी त्याचे ६३ फलक उभे होते. क्रेपेलिनचे निदान बरोबर होते काय, याबाबत आजही एकमत नाही, आणि शंभर वर्षांनी दुरून निकाल देणे उचितही नाही. एवढे मात्र खरे की ज्या माणसाविषयी संशोधन अशक्य असे लिहिले गेले होते त्याने नंतर आपले सर्वांत धाडसी काम हाती घेतले. बेलव्ह्यूची ही कागदपत्रे २००५ मध्ये इटालियनमध्ये आणि २००७ मध्ये जर्मनमध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा कलेतिहासाच्या अभ्यासकांना व्याख्यानामागची ही भूमी नीट दिसली. त्यांतील एक बारकावा चटका लावणारा आहे. निदान बदलल्यानंतरही व्याख्यानाच्या टिपणांत वारबुर्गने आपल्या कथनाचे वर्णन एका असाध्य स्किझोफ्रेनियासदृश माणसाची कबुली असेच केले. आपल्याविषयीचे जुने वाचन त्याने पाठ करून टाकले होते.

या चर्चेत भरताला आणणे म्हणजे ‘आमच्याकडे सारे होतेच’ असे म्हणणे नव्हे. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये उन्मादाची गणना आहे. प्रियजनांचा वियोग, संपत्तीचा नाश, आघात, दोषांचा प्रकोप हे त्याचे विभाव. कारणावाचून हसणे-रडणे, असंबद्ध बोलणे, धावणे, नाचणे, गाणे, निर्माल्य व चिंध्या अंगावर मिरवणे हे अनुभाव. ‘विक्रमोर्वशीया’च्या चौथ्या अंकातील पुरूरवा या चौकटीत चपखल बसतो. गंमत अशी की आजच्या वैद्यकातील उन्माद भरताच्या उन्मादात फारसा सापडत नाही. तो इतर व्यभिचाऱ्यांत विखुरलेला आहे : हर्ष, गर्व, चपलता, आवेग, मद, अमर्ष, उग्रता. त्याचे दुसरे टोक ग्लानी, दैन्य, विषाद, जडता, आलस्य यांत. आणि जवळच्यांपासून, वैद्यापासून अवस्था लपविणाऱ्या रुग्णाला तर ‘अवहित्थ’ हा भावही उपयोगी पडतो. मुलाखतीच्या अर्ध्या तासापुरते स्वतःला सावरून धरणे उन्मादातील अनेकांना जमते. भरताच्या मांडणीतून घेण्यासारखे आहे ते हे की व्यभिचारी भाव स्थायीच्या संदर्भावाचून अर्थ धारण करीत नाही. गर्व वीराच्या अंगाने येतो तेव्हा त्याचा अर्थ वेगळा आणि रौद्राच्या अंगाने येतो तेव्हा वेगळा. नाट्यात स्थायी प्रेक्षकाला नाटककार पुरवितो. रुग्णालयाच्या दारात तो कोण पुरविणार?

मराठीतील एक जुनी गद्यकृती या ठिकाणी आठवते. माहिंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ऋद्धिपूरलीळांत गोविंदप्रभूंचे चमत्कारिक हसणे, स्वतःशीच बोलणे, अचानक रागावणे, कोणाच्याही घरात शिरणे पानोपानी येते. गावचे लोक त्यांना वेडे म्हणतात आणि देवही म्हणतात. आधुनिक अभ्यासकाला येथे निदानाचा मोह होतो. परंतु लीळांतील गोविंदप्रभू कोणत्याही नेहमीच्या स्थितीतून ढळलेले नाहीत. जे आहे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तसेच आहे. चढउतार नाही, अंतराळ नाही, ‘पूर्वी असे नव्हते’ म्हणणारा कोणी नाही. जेथे व्यभिचारीच स्थायी म्हणून उभा केलेला आहे तेथे उन्मादाचे निदान करणे ही साहित्यिक चूक आहे. वैद्यकीय चूक तर तिच्यानंतर येते.

चरकसंहितेच्या निदानस्थानातील सातवा अध्याय या दृष्टीने नाट्यशास्त्राहून अधिक जवळचा आहे. तेथे उन्माद म्हणजे मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम. भक्ती म्हणजे येथे आवड, ओढ. शील म्हणजे त्या माणसाचा स्वभाव. या दोहोंचा विभ्रम ओळखावयाचा तर त्यांची आधीची जागा ठाऊक असावी लागते. शिवाय आयुर्वेदाने रोगाच्या रूपाआधी पूर्वरूप मानले आहे, म्हणजे रोग प्रकट होण्यापूर्वीची चाहूल. १९९९ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगात ६९ द्विध्रुवीय रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबरच आपापली पूर्वचिन्हे ओळखण्यास आणि ती दिसताच मदत मागण्यास शिकविले गेले. त्यांच्या बाबतीत उन्मादाचा पुढचा झटका येईपर्यंतचा काळ लक्षणीयरीत्या लांबला. अवसादाच्या झटक्यांवर मात्र असा परिणाम दिसला नाही. त्या प्रयोगातील कळीचा भाग असा की यादी सर्वांसाठी एक नव्हती. प्रत्येकाने मागील झटक्यांची उजळणी करून स्वतःची चिन्हे स्वतः शोधावयाची होती. निदानपुस्तिका सामान्यनाम देते; पूर्वरूप विशेषनामाचेच असते.

ही ओळख बहुधा वैद्याआधी घरातील माणसाला होते. अमेरिकन कवी रॉबर्ट लोवेल (१९१७–१९७७) याच्या चरित्रातून हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल. १९४९ मध्ये त्याला पहिल्यांदा उन्मादासाठी रुग्णालयात ठेवावे लागले. त्याच वर्षी एलिझाबेथ हार्डविक या लेखिकेशी त्याचे लग्न झाले. योगायोग असा की लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियात जॉन केडने दहा उन्मादग्रस्त रुग्णांवर पाहून प्रसिद्ध केला तोही १९४९ मध्येच. लोवेलपर्यंत ते औषध पोहोचले १९६७ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत हार्डविकने आणि मित्रांनी त्याची पूर्वचिन्हे जणू पाठ केली. रात्रभर न थकता चालणारे बोलणे. त्या बोलण्यात नेपोलियन, हिटलर अशा नावांचा वाढता वावर. आणि एखाद्या नव्या स्त्रीच्या प्रेमात पडून आता तिच्याबरोबरच नवे आयुष्य सुरू करणार अशी घोषणा. ही घोषणा ऐकताच रुग्णालयाची तयारी सुरू होई. झटका ओसरल्यावर लोवेल परत येई, खजील होई, आणि ती स्त्री विसरली जाई. के रेडफील्ड जेमिसन या मानसशास्त्रज्ञ लेखिकेने २०१७ मध्ये त्याच्या वैद्यकीय नोंदींच्या आधारे लिहिलेल्या ग्रंथात हा क्रम तपशिलाने येतो.

अशा घरात वाचन जितके तरबेज होते तितके ते बंदिस्तही होत जाते. १९७० मध्ये लोवेल ऑक्सफर्डला गेला आणि इंग्लंडमध्ये कॅरोलाइन ब्लॅकवूड या लेखिकेच्या प्रेमात पडला. त्याच उन्हाळ्यात उन्मादामुळे त्याला लंडनच्या रुग्णालयातही जावे लागले. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्यांना जुनाच पाठ पुन्हा सुरू झाला असे वाटणे स्वाभाविक होते. वीस वर्षांचा अनुभव तसेच सांगत होता. परंतु या वेळी झटका ओसरला आणि प्रेम उरले. १९७१ मध्ये त्यांना मुलगा झाला, १९७२ मध्ये घटस्फोटानंतर लग्न झाले. चिन्ह तेच होते आणि आजारही खोटा नव्हता. तरी त्या चिन्हाच्या आत या खेपेस एक निर्णयही होता, आणि तो बाहेरून वेगळा काढून पाहण्याची सोय कोणाजवळ नव्हती. हार्डविकने त्या काळात पाठविलेली दुःखाची आणि संतापाची पत्रे लोवेलने आपल्या सुनीतांत वापरली, कोठे शब्द बदलून, कोठे तिच्या तोंडी नसलेले घालून. १९७३ मध्ये ‘द डॉल्फिन’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. हस्तलिखित वाचून एलिझाबेथ बिशप या कवयित्रीने, त्याच्या जुन्या मैत्रिणीने, १९७२ मध्येच त्याला कळविले होते की कविता उत्तम आहेत, पण पत्रांत फेरफार करून सत्य आणि कल्पित यांची अशी सरमिसळ करणे योग्य नाही. ज्या बाईने वीस वर्षे त्याची चिन्हे वाचली होती तिचाच आता पाठ झाला होता, आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता.